आयत संदर्भासह कशी वाचावी: शाने-नुजूल लावण्याचा योग्य क्रम

फोनवर कुरआनातली एक आयत (वचन) येते. पाठवणाऱ्याला ती आरोपपत्र म्हणून हवी असते. उत्तर देणारा लगेच "अहो, याला संदर्भ आहे" म्हणतो आणि एक गोष्ट सांगून मोकळा होतो. पहिल्याने मागची-पुढची आयत वाचलेली नसते, आणि दुसऱ्याने ती गोष्ट कुठून आली हे पाहिलेलं नसतं. माझ्या मते दुसरी चूक सुधारायला जास्त अवघड, कारण ती करणाऱ्याला आपण अभ्यास केला असंच वाटत असतं.

दोघांचं चुकतं ते क्रमात. आयत कोणत्या प्रसंगी उतरली ते सांगणाऱ्या परंपरागत माहितीला आपल्याकडे शाने-नुजूल म्हणतात. ती सहाव्या पायरीवर लागते, लोक तिथूनच सुरुवात करतात. वाचणारा मुसलमान असो वा नसो, क्रम तोच. नववी सूरह (अध्याय) तौबा, तिची पाचवी आयत (९:५) आपण उदाहरण म्हणून सोबत घेऊ, कारण सर्वाधिक ओढाताण तिचीच होते.

तयारी: टेबलावर काय हवं

अरबी मूळ आणि अनुवाद समोरासमोर छापलेली एक प्रत घ्या. अरबी येत नसलं तरी घ्या, का ते तिसऱ्या पायरीत कळेल. त्याशिवाय वेगवेगळ्या विचारांच्या अनुवादकांचे दोन अनुवाद हवेत. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी कोणतेही चालतील. एकाच संस्थेच्या दोन आवृत्त्या म्हणजे दोन अनुवाद नव्हेत. एखादी जुनी तफसीर (कुरआनावरचं भाष्य) अनुवादात मिळाली तर उत्तम. तबरी (मृत्यू इ.स. ९२३) एकाच आयतीवरची अनेक मतं एकाखाली एक देतो, इब्न कसीर (मृत्यू १३७३) हदीसांवर, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींवर, भर देतो.

विषयवार निवड या कामाला चालत नाही. विनोबांचं 'कुराण-सार' चिंतनासाठी उत्तम आहे, पण तिथे आयती विषयानुसार लावलेल्या आहेत. शेजार पाहायचा तर शेजार मोडलेली प्रत उपयोगाची नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एवढ्या तारखा लिहा: ६१० पहिली वही (ईश्वरी संदेश), मक्केत; ६१९ च्या सुमारास प्रेषितांच्या पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब यांचा मृत्यू; ६२२ हिजरत (मक्केहून मदिनेला स्थलांतर); ६२४ बद्रची, ६२५ उहुदची, ६२७ खंदकची लढाई; ६२८ हुदैबियाचा तह (मक्केच्या कुरैश टोळीशी); ६३० मक्का ताब्यात; ६३१ प्रेषितांचे साथी अबू बक्र यांच्या नेतृत्वाखालची हज; ६३२ प्रेषितांची अखेरची हज आणि त्याच वर्षी निधन. पुढच्या पानावर चार रकाने आखा: "आयतीत काय आहे", "शेजारी काय आहे", "रिवायतीत (परंपरेने सांगत आलेल्या वृत्तांतात) काय आहे", "माझा निष्कर्ष". निम्म्या चुका या रकान्यांची सरमिसळ झाल्याने होतात.

पायरी १: आयत नेमकी कोणती, ते पक्कं करा

सूरहचा आणि आयतीचा क्रमांक घेऊन मूळ प्रतीत आयत शोधा. क्रमांक जुळेलच असं नाही. फ्ल्यूगलच्या १८३४ च्या युरोपीय आवृत्तीत आयतींची मोजणी वेगळी होती आणि जुनी पुस्तकं तिचा हवाला देतात. अहमदिया आवृत्त्या बिस्मिल्ला ही पहिली आयत धरतात, म्हणून तिथे क्रमांक एकाने पुढे जातो. (सूरह तौबाच्या आरंभी बिस्मिल्ला नाहीच, त्यामुळे ९:५ तिथेही ९:५ च राहते.)

> थांबा: पाठवलेल्या मजकुरात "..." असेल तर गाळलेला भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ९:५ चा उत्तरार्ध हमखास गाळलेला असतो.

पायरी २: पूर्ण रुकू वाचा

भारतात छापलेल्या कुरआनाच्या समासात 'ऐन' (ع) हे अक्षर दिसतं. ती रुकूची खूण, म्हणजे एक विषय जिथे थांबतो ती जागा. आयत ज्या रुकूत आहे तो अख्खा वाचा आणि पुढचाही एक वाचा.

९:५ चा रुकू पहिल्या आयतीपासून सहाव्यापर्यंत आहे. सुरुवात करारांपासून होते: ज्या मुश्रिकांशी (अल्लाहसोबत इतरांना पूजणाऱ्यांशी) तुम्ही करार केले होते त्यांच्यापासून मुक्ततेची घोषणा, आणि चार महिन्यांची मुदत. चौथ्या आयतीत अपवाद आहे. ज्यांनी करारात कसूर केली नाही आणि तुमच्याविरुद्ध कुणाला मदत केली नाही, त्यांचा करार मुदतीपर्यंत पाळा. मग पाचवी येते: हराम (लढाई निषिद्ध असलेले) महिने सरले की मुश्रिकांना दिसतील तिथे मारा, पकडा, वेढा, त्यांनी तौबा (पश्चात्ताप) केली, नमाज कायम केली, जकात (धर्माने बंधनकारक दान) दिली तर त्यांची वाट मोकळी करा. आणि सहावी: एखाद्या मुश्रिकाने आसरा मागितला तर द्या, त्याला अल्लाहचं वचन ऐकू द्या आणि मग त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवा. पुढच्या रुकूतली तेरावी आयत कारण सांगते: शपथा मोडणारे, प्रेषिताला हुसकावण्याचा बेत करणारे, आणि आधी सुरुवात करणारे लोक.

हे सगळं दुसऱ्या रकान्यात लिहा. अजून एकही हदीस उघडलेली नाही, तरी निम्मा संदर्भ हाती आला.

> तपासणी: "ही आयत कुणाशी बोलते, कुणाविषयी बोलते, कशावरून?" या प्रश्नाचं उत्तर फक्त रुकूच्या आधारे एका वाक्यात लिहून पाहा. जमलं नाही तर पुन्हा वाचा.

पायरी ३: दोन-तीन शब्द मूळात तपासा

सगळं अरबी लागत नाही. ज्या शब्दांवर अर्थ टेकलेला आहे तेवढेच पाहा.

९:५ मध्ये शब्द 'अल्-मुश्रिकीन' आहे. फिरणाऱ्या मराठी-हिंदी मजकुरात तिथे सर्रास 'काफिर' घातलेलं असतं. ते शब्द वेगळे, त्यांच्या व्याप्ती वेगळ्या. आता त्या 'अल्'कडे पाहा. ते इंग्रजीतल्या 'the' सारखं उपपद. मराठीत असं उपपद नाही. "मुश्रिकांना" लिहिलं तर सगळे वाटतात, "त्या मुश्रिकांना" लिहिलं तर वर उल्लेख आलेले. अनुवादकाला दोन्हींपैकी एक निवडावंच लागतं आणि वाचकाला ती निवड दिसत नाही. व्याकरणाने दोन्ही शक्य आहेत. निकाल शेजार देतो, म्हणूनच दुसरी पायरी आधी.

'हराम महिने' हेही तसंच. जिल्कद, जिल्हज, मुहर्रम, रजब हे नेहमीचे चार, की दुसऱ्या आयतीत दिलेली चार महिन्यांची मुदत? घोषणा १० जिल्हजला झाली असं धरलं तर पहिल्या अर्थाने मुहर्रम संपेपर्यंत जेमतेम पन्नास दिवस मिळतात, दुसऱ्या अर्थाने पूर्ण चार महिने. भाष्यकारांत दोन्ही मतं आहेत. वहीत दोन्ही लिहा.

शब्दावर केवढं अवलंबून असतं याचं जवळचं उदाहरण १९८५ चं शाहबानो प्रकरण. यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठासमोर २:२४१ मधला 'मताअ' हा शब्द आला, आणि निकालपत्रात त्या आयतीचे निरनिराळे इंग्रजी अनुवाद शेजारी-शेजारी उद्धृत झाले. कुणी तिथे पोटगी वाचत होतं, कुणी निरोपाची भेट. वाद पटो न पटो, अनुवाद शेजारी ठेवण्याची पद्धत घेण्यासारखी आहे.

> सावधान: अनुवादातला कंसातला मजकूर कुरआनाचा नसतो. तो अनुवादकाने तफसीरमधून आणलेला असतो. पहिल्या रकान्यात उतरवताना कंस गाळा.

पायरी ४: त्याच विषयावरच्या बाकी आयती जमवा

विषयसूची वापरा आणि किमान तीन-चार जागा काढा. ९:५ साठी २:१९० ते १९३ वाचायलाच हव्यात (जे लढतात त्यांच्याशी लढा, अतिरेक करू नका, ते थांबले तर थांबा), तसंच ८:६१ आणि ६०:८-९. दारूचा विषय असेल तर २:२१९, ४:४३ आणि ५:९०-९१ या क्रमाने. एकटी ४:४३ वाचणाऱ्याला फक्त नशेत नमाज नको एवढंच कळेल.

इथे मतं ठरवू नका, फक्त जमवा.

पायरी ५: काळ ठरवा

कुरआनाच्या ११४ सूरह काळानुसार लावलेल्या नाहीत. सुरुवातीलाच येणारी २८६ आयतींची बकरह मदिनेतली आहे, आणि परंपरेनुसार सर्वात आधी उतरलेल्या ओळी छापील प्रतीत ९६ व्या सूरहच्या आरंभी आहेत. पुढचं पान म्हणजे पुढचा काळ, हा हिशेब सोडून द्या.

सूरहच्या मथळ्यावर मक्की किंवा मदनी लिहिलेलं असतं. त्याबाबत दोन गैरसमज नेहमी दिसतात. पहिला, की हा जागेचा प्रश्न आहे. प्रचलित व्याख्येत मक्की म्हणजे हिजरतीच्या आधीची, मदनी म्हणजे नंतरची. ५:३ मधलं "आज मी तुमचा दीन पूर्ण केला" हे वचन अखेरच्या हजमध्ये अरफातला, मक्केजवळ उतरलं असं हदीस सांगते, तरी ते मदनीच. दुसरा गैरसमज असा की मथळा प्रत्येक आयतीला लागू होतो. तो साधारणपणे सूरहचा असतो. आतल्या काही आयती वेगळ्या काळातल्या मानल्या जातात.

जर्मन अभ्यासक नोल्डेकेने १८६० मध्ये मक्की सूरहचे तीन टप्पे पाडले. ते त्याने मुख्यतः शैलीवरून केलं. उपयोगी आहे, पण तोही अंदाजच. वर्ष छातीठोकपणे सांगता येईल अशा आयती थोड्या.

९:५ त्या थोड्यांत येते. हुदैबियाचा तह ६२८ चा. कुरैशांच्या बाजूच्या बनू बक्रने मुसलमानांच्या बाजूच्या खुजाआ टोळीवर हल्ला केला, तह मोडला, ६३० मध्ये मक्का ताब्यात आली. ६३१ ची हज अबू बक्र यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि सूरह तौबाच्या आरंभीची घोषणा जमलेल्या लोकांना वाचून दाखवायला अली यांना मागून पाठवलं गेलं. म्हणजे ही जाहीर घोषणा होती, मुदतीसह, ज्यांच्याविषयी होती त्यांनाही ऐकू जावी म्हणून केलेली.

पायरी ६: आता शाने-नुजूल उघडा

इथे रेंगाळायला हवं.

पहिलं म्हणजे, बहुतेक आयतींना शाने-नुजूल नाहीच. आयती सहा हजारांवर; वाहिदी (मृत्यू १०७५) आणि सुयूती (मृत्यू १५०५) यांनी जमवलेल्या रिवायती त्यांतल्या थोड्याच आयतींना पुरतात. "प्रत्येक आयतीमागे एक घटना असते" असं कुणी म्हणालं तर तिथेच अडवा. अठराव्या शतकात दिल्लीचे शाह वलीउल्लाह यांनीही हीच तक्रार केली होती: भाष्यकार प्रत्येक आयतीला किस्सा जोडतात, त्याची गरज नसते.

रिवायत सापडली की तिला चार प्रश्न विचारा.

*अ. शब्द काय आहेत?* "असं असं घडलं, तेव्हा ही आयत उतरली" आणि "ही आयत अमक्याबद्दल उतरली" ही दोन वेगळी विधानं आहेत. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी नोंदवलंय की दुसऱ्या धाटणीचा अर्थ कधी कधी एवढाच असतो: हा प्रसंगही या आयतीच्या कक्षेत येतो. सांगणाऱ्याने उदाहरण दिलं, आपण ते कारण समजलो, असं होतं.

*आ. काळ जुळतो का?* वहीतल्या तारखा यासाठीच लिहिल्या. ९:११३ मुश्रिकांसाठी क्षमा मागण्यास मनाई करते. बुखारी या हदीससंग्रहातली हदीस ती अबू तालिबच्या मृत्युशय्येशी जोडते, म्हणजे ६१९ च्या आसपास. सूरह तौबा तर अगदी शेवटच्या वर्षांतली! भाष्यकारांनी यावर उत्तरं दिली आहेत: आयत नंतर उतरली, किंवा एकाहून अधिक वेळा उतरली. पटो वा न पटो, फट आहे हे वहीत लिहा. रुहविषयीच्या (आत्म्याविषयीच्या) १७:८५ ची तीच गत: एका रिवायतीत प्रश्न मदिनेत यहुद्यांनी विचारला, दुसरीत मक्केत कुरैशांनी, आणि सूरह मक्की.

*इ. दुसरी रिवायत आहे का?* ३:१८८ घ्या. केल्यावर खूश होणारे आणि न केलेल्याची वाहवा हवी असणारे शिक्षेतून सुटणार नाहीत, असं ती सांगते. मदिनेचा सुभेदार मरवान याला धास्ती वाटली, की असं असेल तर आपण सगळेच अडकलो! त्याने प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्याकडे माणूस पाठवला. ते म्हणाले, तुमचा इथे काय संबंध. प्रेषितांनी काही विचारलं असता खरं लपवून शाबासकीची अपेक्षा ठेवणाऱ्या यहुद्यांविषयी ही आहे. पण प्रेषितांचे साथी अबू सईद खुदरी सांगतात की मोहिमेला न जाता घरी बसणाऱ्या आणि नंतर कौतुक हवं असणाऱ्या दांभिकांविषयी ती आहे. दोन्ही रिवायती बुखारीतच आहेत. सोयीची एक उचलून दुसरी झाकणं ही अडाणीपणाहून वाईट गोष्ट.

*ई. रिवायत आयतीच्या शब्दांना बसते का?* याचा वस्तुपाठ प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांनी घालून दिला आहे. २:१५८ म्हणते की सफा-मरवा या टेकड्यांमध्ये फेऱ्या घालण्यात "गुन्हा नाही". त्यांचा भाचा उरवा म्हणाला, मग नाही घातल्या तरी चालेल. आयेशा यांनी आधी शब्दांवर बोट ठेवलं: तसं असतं तर आयत "न घालण्यात गुन्हा नाही" अशी असती. मग इतिहास सांगितला. मदिनेचे अन्सार (तिथले मूळ रहिवासी मुसलमान) इस्लामपूर्व काळात 'मनात' या देवीच्या नावाने इहराम (यात्रेची पवित्र अवस्था) बांधत, त्यामुळे त्यांना या फेऱ्या घालायला संकोच वाटे. आयत तो संकोच दूर करते. आधी शब्द, मग घटना, आणि दोन्ही एकमेकांत चपखल. उरवाची चूक अगदी आजच्यासारखी आहे, म्हणून हा प्रसंग मी प्रत्येक नव्या वाचकाला आधी वाचायला लावतो.

> तपासणी: तिसऱ्या रकान्यात प्रत्येक रिवायतीपुढे ती कोणी सांगितली आणि कोणत्या संग्रहात आहे हे लिहिलंय का? "असं म्हणतात" एवढंच असेल तर ती ओळ खोडा.

पायरी ७: खास (त्या प्रसंगापुरती) की आम (सर्वांना लागू), हे आता ठरवा

घटना एकाची असली तरी हुकूम सगळ्यांना लागू का? उसूलच्या (धर्मशास्त्रातून नियम काढण्याच्या तत्त्वांच्या) विद्वानांत बहुमताचा नियम असा, की महत्त्व शब्दांच्या व्याप्तीला, घटनेच्या मर्यादेला नाही. ५८ वी सूरह खौला बिन्त सअलबा यांच्या नवऱ्याबद्दलच्या तक्रारीने सुरू होते. जिहारचा (बायकोला आईसमान म्हणून दूर करण्याचा) नियम तेवढ्या जोडप्यापुरता राहिला नाही.

इथे संदर्भवादी गडबडतात. "तेव्हाचं होतं, आता लागू नाही" हे वाक्य शाने-नुजूलमधून आपोआप निघत नाही, त्याला वेगळा युक्तिवाद लागतो. उलट बाजूचेही गडबडतात: शब्द आम आहे म्हणताना शेजारचे अपवाद विसरतात. ९:५ मध्ये शब्द आम वाचले तरी चौथी आणि सहावी आयत तिथेच आहे. आणि संदर्भ सांगणाऱ्यानेही पाचवीचा शेवट लपवू नये. सुटकेची अट तिथे तौबा, नमाज आणि जकात अशी लिहिलेली आहे, नुसती शस्त्र खाली ठेवण्याची नाही. संदर्भ म्हणजे बचावपक्षाचा वकील नव्हे. तो गैरसोयीचंही सांगतो.

पायरी ८: नंतरच्यांनी लावलेला अर्थ वेगळ्या पानावर

आयतीचा इतिहास एक आणि तिच्या अर्थांचा इतिहास दुसरा. काही जुन्या विद्वानांनी ९:५ ने शंभराहून अधिक आयती मन्सूख, म्हणजे रद्द केल्या असं मानलं. सुयूती यांनी अख्ख्या कुरआनातल्या मन्सूख आयती वीसच्या आसपास आणल्या, शाह वलीउल्लाह यांनी पाचावर. एवढा फरक पडतो म्हणजे हा आकडा आयतीत लिहिलेला नाही, पद्धतीतून येतो. "इस्लाममध्ये असं मानतात" लिहिण्याआधी कोणी, कधी मानलं ते लिहा.

सराव: ४:३ स्वतः करून पाहा

चार विवाहांची परवानगी म्हणून ही आयत सगळ्यांना ठाऊक असते आणि संदर्भही तोंडपाठ असतो: उहुदमध्ये सत्तरेक मुसलमान मारले गेले, विधवा झाल्या, म्हणून परवानगी. आता पायऱ्या लावा.

पूर्ण आयत काढा. ती "यतीमांच्या (अनाथांच्या) बाबतीत न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर" अशी सुरू होते. विधवा हा शब्दच नाही. शेजारी पाहा: दुसरी आयत यतीमांचा माल खाऊ नका म्हणते, सहावीही त्यांच्याच मालमत्तेविषयी. बाकी जागा जमवा: ४:१२७ मध्ये यतीम मुलींचा उल्लेख येतो, ज्यांना त्यांचं ठरलेलं दिलं जात नाही आणि ज्यांच्याशी लग्नाची इच्छा धरली जाते. काळ: सूरह मदनी, उहुदनंतरची मानली जाते. आता रिवायत: पुन्हा उरवाच विचारतो आणि आयेशाच उत्तर देतात. पालकाच्या ताब्यात यतीम मुलगी असे. तिच्या रूपावर आणि मालावर डोळा ठेवून, पुरता महर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) न देता तो लग्न करू पाही. त्यांना सांगितलं गेलं की न्याय जमत नसेल तर दुसऱ्या स्त्रियांशी करा.

उहुदच्या विधवांची गोष्ट काळावरून बांधलेला तर्क आहे. तो अशक्य नाही, पण त्याची जागा चौथा रकाना. आयेशा यांचं उत्तर तिसऱ्यात. आणि पहिल्या रकान्यात आयतीचा शेवटही उतरवायचा राहिला असेल तर आता उतरवा: न्याय करू शकणार नाही अशी भीती वाटली तर एकच, किंवा ज्या तुमच्या ताब्यात आहेत त्या. यातला शेवटचा तुकडा गुलामीच्या व्यवस्थेतल्या स्त्रियांविषयी आहे. तो गाळून "तर एकच" एवढंच पुढे पाठवणारे भरपूर भेटतील.